गर्जना दरवाजाची कैफियत

॥ श्री ॥

मूषकारूढ जो गजानन, ज्याचे वाहन पेट्रोल पीत नाही आणि तारेसही बांधावे लागत नाही, चार दाणे टाकिले की चालते, त्यास आधी नमन करून, आणि वाचणारे शहाणे आहेत ऐसे गृहीत धरून, ही कैफियत लिहिली असे. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र वद्य तृतीयेचे दिवशी भर दुपारी राज्याचे धनी आपल्याच राजधानीचे दरवाजाबाहेर सव्वा प्रहर उन्हात उभे राहिले आणि दरवाजा उघडिला नाही. शेवटी उघडिला तो महाराजांचेच हुकुमाने, परंतु ते महाराज दुसरे. हे कैसे घडले ते साद्यंत ऐकावे. राज्याचे नाव पुसू नये. नाव सांगितले तर तेथील लोक रागावतील, आणि शेजारचे म्हणतील, आमचे का नाही लिहिले.

तर थोरले महाराज यांजपाशी एक मोटार होती. लाल, दोन आसनांची, जमिनीस इतकी लागून की आत बसणारास आधी मुजरा करावा लागे आणि मग बसावे लागे. बारा सिलिंडर, नाव चंडिका. ताशी दोनशे मैल धावणारी, आणि राज्यात तिजजोगा रस्ता दरवाजापासून नदीपर्यंत काय तो तीन मैलांचा, म्हणून निघाली न निघाली तोच ब्रेक लावावा लागे. परंतु तेवढ्यात ती जी गर्जना करी तिने नदीपारच्या म्हशी दूध चोरीत आणि नगारखान्यातील नगारे कोणी न वाजविता गुणगुणत. थोरले महाराज रोज सकाळी नदीपर्यंत जात आणि परत येत, आणि या कामास राज्यकारभार म्हणत. मग एके वर्षी थोरले महाराज शिकारीस गेले असता एक तोतया आला. मिशा डिंकाने चिकटविलेल्या, शिक्का बटाट्यावर कोरिलेला, आणि चेहरा थोडाबहुत तैसाच. पहारेकऱ्यांनी चेहरा पाहिला, शिक्का पाहिला, दरवाजा उघडिला. तोतया तीन दिवस गादीवर बसला, आणि त्या तीन दिवसांत गावातील खड्डे बुजले, गाळाने भरलेल्या दोन विहिरी उपसल्या गेल्या आणि कचेरी वेळेवर उघडली. संशय कोणास आला नाही. आला तो मुदपाकखान्यातील आचाऱ्यास, कारण तोतया ताकात साखर मागत असे आणि थोरले महाराज ताकात मिठाचा खडा घेत. हे तो बोलून गेला, तितक्यात खासा स्वारी परत आली, तोतया मागील तटावरून पळाला, आणि खड्डे हळूहळू पूर्ववत जाहले.

थोरल्या महाराजांची मर्जी फार खप्पा जाहली आणि त्यांनी कलम लिहविले की, "मिशा चिकटविता येतात, शिक्का कोरिता येतो, चेहरा देव कोणासही देतो, परंतु चंडिकेची गर्जना कोणास करिता येत नाही. सबब आजपासून मोठा दरवाजा गर्जना ऐकूनच उघडावा, तोंड पाहून उघडू नये. जो चंडिकेस गर्जवील तोच महाराज समजावा." आणि या कामावर सटवोजी नाईक यांस नेमिले, आणि त्यांचे हुद्द्यास घोषपारखी ऐसे नाव दिले. दरवाजावरील सज्ज्यात बसावे, तोंड पाहून फसू नये म्हणून कामाचे वेळी डोळ्यांस पट्टी बांधावी, आणि कानांनी राज्य राखावे. सटवोजींनी बेलभंडार उचलून शपथ वाहिली. सरदार-मानकऱ्यांच्या मोटारी बाहेर मैदानात राहात आणि ते दिंडीतून, म्हणजे दरवाजातील लहान दारातून, वाकून आत येत. मोठ्या दरवाजातून एक चंडिकाच येई. सटवोजींचा कान ऐसा तयार जाहला की मैदानात मोटार शिरताच सांगत, "हे निंबाळकर सरदार, सायलेन्सर फुटका आहे, आणि आज सासरे सोबत आहेत, कारण गाडी हळू हाकितात." चंडिका दुसऱ्या गियरात किंचित उशिरा गेली की म्हणत, "महाराज आईसाहेबांशी भांडून निघाले." घरी जेविताना बायकोस, म्हणजे ठकूबाईंस, दिवसभराच्या सर्व मोटारी तोंडाने करून दाखवीत आणि भात त्यांचे अंगावर उडे. ऐसी तीस वर्षे गेली. ठकूबाईंस न बसता चंडिका पाठ जाहली.

मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे महाराज गादीवर आले. हे विलायतेत शिकलेले, मिशा नाहीत, बोलणे मृदू, आणि धुराचा मोठा तिटकारा. येताच त्यांनी एक नवा रथ आणविला. पांढरा, विजेवर चालणारा, आवाज काडीचा नाही, नाव शांता. खोक्यात भरून आला, क्रेन लावून तटावरून आत उतरविला, आणि क्रेनवाले आपल्या गावी गेले. मग दरबार भरवून हुकूम केला की चंडिकेस हार घालून अंगणात उभी करावी, तिचे तेल उपसावे, पेट्रोलाचा थेंब वेशीच्या आत येऊ देऊ नये आणि सरदारांनीही आपापल्या मोटारी बदलाव्या. विसाजीपंत दिवाण उभे राहिले आणि हात जोडून बोलिले, "महाराज, विचार थोर आहे. परंतु गर्जना नसेल तर प्रजेस दरारा कसा वाटावा?"

"प्रजेस दरारा वाटावा ऐसी आमची इच्छाच नाही, पंत."

"बरे. मग रस्त्यातून बाजूस तरी कोण होईल?"

महाराज म्हणाले, "प्रेमाने होतील." दिवाण म्हणाले, "आज्ञा," आणि खाली बसले, आणि शेजारच्या मानकऱ्यास हळूच म्हणाले, "प्रेमाने आमची म्हातारी बाजेवरून बाजूस होत नाही." आईसाहेबांनी पडद्याआडून एवढेच विचारिले की आमचा लग्नातील शालू पाणी लागू न देता पेट्रोलाने पुसून घेतात, त्याचे कसे, तेव्हा महाराजांनी शालूपुरता एक डबा माफ केला. सर्व बाबी निघाल्या, सर्वांचा निकाल लागला. एक गर्जना दरवाजाचे कलम कोणास आठविले नाही, कारण ते पाळणारा मनुष्य डोळे बांधून दरवाजावर बसला होता आणि त्यास दरबारात बोलाविण्याची चाल नव्हती.

इकडे सरदारांनी महाराजांचे पाहून एकामागून एक विजेच्या मोटारी घेतल्या, आणि सज्ज्यात सटवोजींस नवलच वाटू लागले. सोमवारी तीन मोटारी ऐकू आल्या, पुढल्या सोमवारी एक, त्यापुढे एकही नाही. आणि सरदार तर दिंडीत डोके आपटून "आई गं" म्हणताना स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे माणसे आली, मोटारी आल्या नाहीत, हे कैसे? सटवोजींनी मनाशी हिशेब केला की आपला कान गेला. घोषपारख्याचा कान जाणे म्हणजे गवयाचा गळा जाणे. हुद्दा जाईल तो जाईल, परंतु तीस वर्षे ज्या कानावर राज्य निजले तो कान फुटका निघाला ही नामुष्की कोठे ठेवावी? मग कोणास न सांगता लसणीचे तेल घालू लागले. ठकूबाईंनी ओळखिले. त्यांनी एके संध्याकाळी मुद्दाम पाठीमागे जाऊन परातीत मोहरीचा एक दाणा टाकिला.

सटवोजी म्हणाले, "मोहरी. मागल्या वर्षीची."

"मग कान गेला कोठे तुमचा?"

"सगळ्यास नाही गेला गं. मोटारीपुरता गेला."

"अहो, ऐसे कोठे असते? मोटारीच मुक्या जाहल्या असतील. विजेच्या आल्यात म्हणे."

सटवोजी रागावून म्हणाले, "मोटार आणि मुकी! उद्या म्हणशील लग्नात मुका ताशा वाजतो." आणि त्या दिवसापासून त्यांनी जेवताना मोटारी करणे सोडिले, आणि ठकूबाईंच्या अंगावर भात उडेनासा जाहला, आणि त्यांस जेवण गोड लागेना.

मग चैत्र वद्य तृतीया उजाडली. महाराज शांतेत बसून प्रथमच शेजारच्या राज्यात भेटीस निघाले. आतून बाहेर जाणे हुकुमाने होते, त्यास गर्जना लागत नाही, म्हणून पहाटे दरवाजा उघडिला आणि स्वारी निघाली. बरोबर विसाजीपंत, दरबारचे जोशी आणि सर्व हाकणारे घेतले, कारण हाकणाऱ्यांत प्रत्येकास शांता हाकून पाहावयाची होती. स्वारी इतकी निःशब्द गेली की रस्त्यावर कुरडया वाळत घालणाऱ्या बायकांस मागे महाराज अर्धा तास उभे आहेत हे कळलेच नाही, आणि कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगोबाई, सांगायचे नाही का!" येताना दम, म्हणजे वीज, भरण्याची खुंटी वाटेत कोठे मिळेना, आपल्या राज्यात खुंटी होती ती एक राजवाड्याच्या अंगणात. शंभराचा दम उतरत उतरत तीनावर आला, गार वारा बंद केला, मग गाणी बंद केली, मग दोन हाकणारे उतरवून पायी चालविले, आणि भर दुपारी शांता दरवाजापुढे येऊन उभी राहिली. दरवाजा मिटलेला. घटका गेली, दोन घटका गेल्या. शांतेस शिंगही मृदू, चिमणी शिंकल्याप्रमाणे. ते सटवोजींनी ऐकिले आणि मनात म्हणाले, चिमणी शिंकली. तेव्हा महाराज खाली उतरले आणि हाक मारिली.

"दरवाजा उघडा!"

"कोण आहे?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"महाराज!"

सटवोजी बोलिले, "आवाज तर त्यांचाच दिसतो."

"मग उघडा!"

"तोंडाच्या आवाजास उघडण्याची आज्ञा नाही. मोटारीच्या आवाजास आहे. मोटार चालू करा."

"चालूच आहे!"

हे ऐकून सटवोजींनी कानात बोट घालून फिरविले. मोटार चालू आहे, पंधरा हातांवर आहे, आणि ऐकू येत नाही. मग आवाज ताठ ठेवून म्हणाले, "आणखी थोडी चालू करा." महाराज म्हणाले, "नाईक, पट्टी सोडून खाली पाहा." सटवोजी म्हणाले, "पट्टी सोडिली तर तोंड दिसेल, आणि तोंडावर विश्वास ठेवू नये हेच तर कलम आहे." महाराज म्हणाले, "ते कलम आम्ही याच क्षणी रद्द करितो!" सटवोजी म्हणाले, "रद्द महाराजांनी करावे. आपण महाराज आहां की नाही हे अजून ठरावयाचे आहे." दिंडीतून वाकून आत जावे ऐसे कोणी सुचविले, तर जोशी म्हणाले की गादीच्या धन्याने वाकून राजधानीत शिरणे म्हणजे राज्य गेलेच. शेवटी महाराजांनी इकडे तिकडे पाहिले, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन, डोळे मिटून, वडिलांची मोटार आठवून गर्जना केली. घुर्रर्र. वरून सटवोजी म्हणाले, "ही निंबाळकरांची जुनी जीप." महाराजांनी पुन्हा केली. सटवोजी म्हणाले, "ही पिठाची गिरणी." मैदानात लोक जमू लागले होते, त्यांतील एकाने टाळी वाजविली आणि मग घाबरून ती डास मारण्याची होती ऐसे दाखविले.

तेव्हा विसाजीपंत दिवाण दिंडीतून आत धावले, कारण दिवाणास वाकण्याचा सराव असतो. थेट आईसाहेबांकडे जाऊन शालूचा डबा मागितला. आईसाहेब म्हणाल्या, "सगळा नेऊ नका, पदरावर अजून तुपाचा डाग आहे." डबा घेऊन पंत अंगणात आले, हार बाजूस करून चंडिकेत पेट्रोल ओतिले, आणि मग लक्षात आले की हाकणारे सर्व बाहेर, आणि आपणास पालखीखेरीज काही ठाऊक नाही. तितक्यात ठकूबाई नवऱ्याची भाकरी घेऊन त्या वाटेने आल्या. पंतांनी सर्व सांगितले आणि म्हणाले, "बाई, कोणी तरी हिला बोलते करा, नाही तर महाराज उन्हाने जातील." ठकूबाईंस महाराजांचे फारसे वाटले नाही, परंतु सज्ज्यातला मनुष्य आठविला, जो तीन महिने कानात लसूण घालून उगाच बहिरा जाहला होता. त्यांनी भाकरी टपावर ठेविली, पदर खोचिला, आत बसल्या, किल्ली फिरविली, आणि तीस वर्षे जे भातासकट ऐकिले होते तैसे, पायाने, दाबिले. चंडिका खोकली. मग गर्जली. नगारे आपोआप गुणगुणले, तटावरील कबुतरे एकदम उडाली आणि नदीपारच्या म्हशींनी माना वर केल्या.

सज्ज्यात सटवोजी उभे राहिले. पट्टीखालून पाणी गालावर आले. म्हणाले, "बारा. बाराच्या बारा. अरे, कान शाबूत आहे! सातव्यात थोडी काजळी आहे, पण कान शाबूत आहे!" आणि सर्वांनी मानिले की आता दरवाजा उघडला. परंतु सटवोजी इमानी मनुष्य. त्यांनी नाक पुसिले, मान वळविली, गर्जना कोणत्या बाजूने येते ते पुरते ऐकिले आणि गरजून म्हणाले, "चंडिका आत आहे! म्हणजे महाराज आत आहेत! मग बाहेर हा तोतया! धरा!" पहारेकऱ्यांस डोळे होते, परंतु कलमही पाठ होते. ते बाहेर येऊन महाराजांपुढे लवून म्हणाले, "महाराज, माफी असावी. आपण तोतया आहां." आणि रेशमी दोरी नसल्याने आपल्याच फेट्याने त्यांचे हात बांधिले, परंतु सैल.

येणेप्रमाणे ठकूबाई नाईक कलमाच्या आधारे राज्याच्या महाराज जाहल्या. विसाजीपंतांनी हे प्रथम ओळखिले, आणि दिवाणास जे येते ते केले, म्हणजे मुजरा. म्हणाले, "महाराज, आज्ञा?" ठकूबाई पाय न काढिता ओरडल्या, "आं?" पंत ओरडले, "आज्ञा करावी!" ठकूबाई ओरडल्या, "दार उघडा म्हणावे, आणि आमच्या ह्यांना जेवायला खाली पाठवा!" आतील महाराजांचा हुकूम म्हणताच सटवोजींनी तत्काळ अडसर काढविला. दरवाजा उघडिला. तीन दमाची शांता बैल लावून ओढीत आत आणिली, मागून तोतया म्हणून बांधिलेले महाराज आले, आणि त्याच क्षणी डब्यातील पेट्रोल संपले, चंडिका थांबली, ठकूबाईंचे राज्य समाप्त जाहले, आणि फेटा सोडून महाराज पुन्हा महाराज जाहले. एकंदर पाव घटका. या राजवटीत कोणावर अन्याय जाहला नाही ऐसे जाणते म्हणतात.

दुसरे दिवशी दरबार भरला. दिवाण म्हणाले, नाइकास बुरुजावरून ढकलावे. महाराजांचा राग मुळी टिकत नसे, ते म्हणाले, "आमच्या वडिलांची आज्ञा पाळिली म्हणून माणूस मारिला तर उद्या आमची कोण पाळील? नाईक, तुमचे म्हणणे काय?" सटवोजी म्हणाले, "मला नव्या मोटारीचा आवाज ऐकवावा. एकदा ऐकिला की जन्मात विसरणार नाही." मग त्यांस अंगणात मधोमध बसवून शांता त्यांचे भोवती सात फेरे फिरविली. सटवोजी कान देऊन बसले. कपाळास घाम आला. शेवटी म्हणाले, "काही ऐकू येत नाही."

महाराज आनंदून म्हणाले, "तोच! तोच तिचा आवाज!"

"बरे," सटवोजी म्हणाले, आणि तो पाठ केला. त्याप्रमाणे नवे कलम लिहिले गेले, दिवाणांनी वाचिले, त्यावर शिक्का जाहला, की यापुढे जेव्हा काहीएक ऐकू येणार नाही तेव्हा महाराज आले ऐसे समजून दरवाजा उघडावा. कोणी हरकत घेतली नाही. सर्वांस वाटले, काळाबरोबर चालले पाहिजे.

त्या दिवसापासून दरवाजा रोज दुपारी जेवणानंतर, गाव निजला म्हणजे, आपोआप उघडू लागला. कोणी येत नसे. कधी गाय येई, कधी वारा येई. सटवोजी उठून त्यांस मुजरा करीत. मग वैशाखात महाराज पुन्हा शेजारच्या राज्यात गेले, आणि ते गेल्याच्या दुसरे दिवशी दुपारी, गाव निजला असता, दरवाजा उघडिला आणि एक गृहस्थ अनवाणी, पाऊल न वाजविता, मिशा नुकत्याच काढिलेले, आत आले. सटवोजींनी ऐकिले, काही ऐकू आले नाही, मुजरा केला. चार दिवसांनी शांताही आली. परंतु तिच्या मागे गावची सर्व कुत्री भुंकत आली, कारण कुत्र्यांस मुकी मोटार सोसत नाही. एवढा कालवा ऐकून सटवोजी म्हणाले, "हे काही महाराज नव्हेत." महाराजांनी या वेळी घुर्रर्र केले नाही, कारण नव्या कलमाने आवाज करणे हाच गुन्हा. दम चारावर होता. ते गाडी वळवून शेजारच्या राज्यात वेशीलगत नुकत्याच बसविलेल्या खुंटीवर गेले. वर्तमान येते की तेथे रांग मोठी आहे आणि महाराजांचा नंबर अकरावा आहे, आणि दहावा जो आहे तो खुंटी लावून जेवावयास गेला आहे.

राजधानीत सर्व क्षेम आहे. ज्येष्ठाआधी गावातील खड्डे बुजले. दोन विहिरींचा गाळ निघाला. कचेरी वेळेवर उघडते. आचारी सांगतो की महाराज हल्ली ताकात साखर मागतात. परंतु त्यास मागल्या खेपेस बोलून काय मिळाले ते आठवते, म्हणून तो साखर घालितो आणि गप्प बसतो. सटवोजी घरी जेवताना पुन्हा मोटारी करू लागले आहेत. नवी मोटार करून दाखविताना घासभर गप्प बसतात, आणि ठकूबाई म्हणतात, हुबेहूब.

इतके वर्तमान जैसे जाहले तैसे लिहिले. तात्पर्य, धूर गेला, गर्जना गेली, सटवोजींचा कान राहिला, इमान राहिले. महाराज तेवढे बाहेर राहिले.